नेमबाजी : स्थिर दिसणाऱ्या शरीराची मेहनत

सिंधुदुर्गातून फोंडाघाट चढून वर गेले की दाजीपूरचे जंगल लागते आणि राधानगरी तालुका सुरू होतो. याच तालुक्यातल्या कांबळवाडी गावच्या स्वप्नील कुसाळे याने १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिम्पिकमध्ये ५० मीटर रायफल थ्री पोझिशन या प्रकारात कांस्यपदक जिंकले. या प्रकारात भारताला मिळालेले हे पहिलेच ऑलिम्पिक पदक. खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकीत कुस्तीचे कांस्य आणले, त्यानंतर तब्बल ७२ वर्षांनी महाराष्ट्राच्या खेळाडूला वैयक्तिक ऑलिम्पिक पदक मिळाले. पुढे स्वप्नीलला अर्जुन पुरस्कार आणि त्याच्या प्रशिक्षक, स्वतः ऑलिम्पिक खेळलेल्या दीपाली देशपांडे यांना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला. बक्षिसाची रक्कम पुरेशी की अपुरी, यावर वर्तमानपत्रांतून बरीच चर्चा झाली.

एका गोष्टीची चर्चा मात्र फारशी झाली नाही. ती म्हणजे या खेळात शरीराला काय करावे लागते. नेमबाजी म्हणजे उभे राहायचे आणि चाप ओढायचा, अशी सर्वसाधारण समजूत आहे. त्यामुळेच 'पोरगा धावण्यात मागे पडतो, दम लागतो, त्याला नेमबाजीला घालू' असा विचार करणारे पालक घाटावर आहेत तसे कोकणातही आहेत. पदक मिळाल्यावर असा विचार वाढणे स्वाभाविक आहे. म्हणूनच हा खेळ शरीराकडून काय मागतो आणि लहान वयात सुरू करताना कोणती काळजी घ्यावी लागते, हे डॉक्टरी नजरेतून पाहणे गरजेचे आहे.

पंधरा वर्षांचा हिशेब

स्वप्नीलचा जन्म ६ ऑगस्ट १९९५चा. वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक. २००९ साली त्यांनी मुलाला राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीत घातले. तिथे पहिले वर्षभर केवळ शारीरिक तयारी झाली. एक खेळ निवडायची वेळ आली तेव्हा त्याने नेमबाजी निवडली आणि नाशिकला सराव सुरू झाला. ही पहिल्या वर्षाची गोष्ट पालकांनी लक्षात ठेवावी. बंदूक हातात येण्याआधी अंगात ताकद, लवचीकता आणि दम यावा लागतो.

२०१५ मध्ये कुवेतच्या आशियाई स्पर्धेत त्याने ज्युनिअर गटात सुवर्ण जिंकले. त्याच सुमारास तो मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस म्हणून लागला. दिल्लीजवळच्या तुघलकाबादच्या राष्ट्रीय स्पर्धेत पोटावर झोपून नेम धरायच्या प्रकारात त्याने गगन नारंग आणि चैन सिंग यांना मागे टाकले. पण २०१६च्या रिओ ऑलिम्पिकनंतर पुरुषांचा ५० मीटर प्रोन हा प्रकारच ऑलिम्पिकमधून वगळला गेला. पुढे जायचे तर तिन्ही स्थितींत सारखीच तयारी हवी, असा त्याचा अर्थ होता.

२०२२ मध्ये कैरोच्या जागतिक स्पर्धेत तो चौथा आला आणि देशाला ऑलिम्पिकची जागा मिळाली. ही जागा खेळाडूची नसते, देशाची असते. त्यामुळे २०२४ मध्ये दिल्ली आणि भोपाळला झालेल्या चाचण्यांतून त्याला आपली निवड पुन्हा सिद्ध करावी लागली. मधल्या काळात २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई खेळांत ऐश्वर्य प्रताप सिंह तोमर आणि अखिल शेओरान यांच्यासोबत त्याने सांघिक सुवर्ण मिळवले. वैयक्तिक अंतिम फेरीत मात्र पुढे असताना उभ्या स्थितीतला एक नेम चुकला आणि तो पुन्हा चौथा आला.

पॅरिसला पदक मिळाले तेव्हा त्याला २९ वर्षे पूर्ण व्हायला पाच दिवस बाकी होते. सुरुवातीपासून मोजले तर पंधरा वर्षे झाली. जिम्नॅस्टिक्स किंवा जलतरणात एवढ्या काळात बहुतेकांची कारकीर्द संपलेली असते. नेमबाजीत ती बहरात येते. टोकियोत पहिल्यांदा ऑलिम्पिक खेळलेल्या कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत तेव्हा चाळिशीत होत्या. २०१० साली म्युनिकमध्ये जागतिक विजेतेपद मिळवून त्यांना अकरा वर्षे झाली होती. पॅरिसला मिश्र सांघिक पिस्तूल प्रकारात रौप्य मिळवणारा तुर्कस्तानचा युसूफ दिकेच ५१ वर्षांचा होता. कारकीर्द इतकी लांब असल्यामुळेच पाठ, कान, डोळे आणि रक्त यांची काळजी पहिल्या दिवसापासून घ्यावी लागते. वीस-पंचवीस वर्षे चालणाऱ्या खेळात रोजची थोडीशी हेळसांडही साठत जाते.

किती बारीक काम?

पन्नास मीटरवरच्या लक्ष्यातले दहा गुणांचे वर्तुळ १०.४ मिलिमीटर व्यासाचे असते. आपल्या करंगळीच्या नखाएवढे म्हणा. गोळी ५.६ मिलिमीटर जाडीची. तिची कड वर्तुळाला लागली तरी दहा गुण धरले जातात. म्हणजे गोळीचा मध्य लक्ष्याच्या मध्यापासून साधारण आठ मिलिमीटरच्या आत पडायला हवा. हाच हिशेब बंदुकीकडे आणला, तर एक मीटर लांबीची नळी धरून तिचे टोक एक मिलिमीटरच्या सहाव्या भागापेक्षा कमी हलले पाहिजे. दोन-तीन केसांच्या जाडीएवढे हे अंतर आहे. अंतिम फेरीत दहाच्या आतही दशांश मोजतात. १०.९ हा सर्वोत्तम नेम.

पॅरिसच्या प्राथमिक फेरीत स्वप्नीलने ६०० पैकी ५९० गुण मिळवले. गुडघ्यावर बसून १९८, पोटावर १९७ आणि उभे राहून १९५. साठ नेम, दीड तास. तो सातवा आला आणि आठ जणांच्या अंतिम फेरीत पोहोचला. तिथे गुडघ्यावरच्या नेमांनंतर तो सहावा होता, पोटावरच्या नेमांनंतर पाचवा. उभ्या स्थितीत इतरांचे नेम ढळू लागले, तेव्हा तो वर सरकला. शेवटी ४४ नेमांत ४५१.४ गुण झाले. सरासरी काढली तर प्रत्येक नेमाला १०.२५ च्या वर. सुवर्ण चीनच्या लिऊ युकुनने आणि रौप्य युक्रेनच्या सेरही कुलिशने मिळवले.

उभी स्थिती ही सगळ्यांत अवघड. शरीर जमिनीपासून सर्वांत उंच, आधार फक्त दोन पावलांचा आणि हातात आठ किलोपर्यंतची बंदूक. हांगझोऊला स्वप्नीलचे पदक ज्या स्थितीत गेले, त्याच स्थितीत पॅरिसला ते आले.

हृदयाचा ठोका बंदुकीपर्यंत पोहोचतो

पूर्ण स्थिर मानवी शरीर असे काही नसतेच. उभे असताना आपण सतत किंचित झुलत असतो. हाताच्या स्नायूंना सेकंदाला आठ ते बारा वेळा इतका सूक्ष्म कंप असतो. तो आजार नव्हे, प्रत्येकाला असतो. श्वासाबरोबर छाती वर-खाली होते. आणि हृदय प्रत्येक ठोक्याला साधारण ७० मिलिलिटर रक्त महाधमनीत ढकलते. त्या धक्क्याने सगळे शरीर अगदी थोडे हलते. पोटावर झोपून नेम धरताना दंडाला पट्टा आवळलेला असतो. त्या पट्ट्यातून दंडाच्या धमनीची नाडी थेट बंदुकीत उतरते आणि नळीचे टोक ठोक्यागणिक उडताना नेमबाजाला दिसते.

मग चाप कधी ओढायचा? १९८७ साली फिनलंडच्या संशोधकांनी नेमबाजांच्या हृदयाचा आलेख घेत हेच तपासले. हृदय आकुंचन पावते ती अवस्था सिस्टोल आणि सैल पडून भरते ती डायस्टोल. नवखे नेमबाज दोन्ही अवस्थांत चाप ओढत होते. अव्वल नेमबाजांचे चाप बहुतांशी डायस्टोलमध्ये, म्हणजे दोन धक्क्यांच्या मधल्या शांत वेळेत ओढले जात होते. हे कोणी मोजूनमापून करत नाही. वर्षानुवर्षांच्या सरावात मेंदू ते शिकतो. नंतरच्या सगळ्याच अभ्यासांत हे इतके स्पष्ट दिसलेले नाही, त्यामुळे हा काही पक्का नियम नव्हे. पण एक गोष्ट निर्विवाद आहे. नाडी जितकी संथ, तितकी ही मधली वेळ मोठी. मिनिटाला ६० ठोके असताना हृदयाला सैल पडायला अर्ध्या सेकंदाहून जास्त वेळ मिळतो. १२० ठोक्यांवर तो निम्म्याहून कमी होतो, कारण गती वाढली की कपात मुख्यतः डायस्टोलमध्ये होते.

म्हणूनच नेमबाजाला धावणे, पोहणे, सायकल चालवणे टाळता येत नाही. या व्यायामांनी हृदय सशक्त होते आणि विश्रांतीची नाडी खाली येते. 'धावता येत नाही म्हणून नेमबाजी' या विचाराला शरीरशास्त्राचा आधार नाही.

श्वासाचेही असेच. नेमबाज श्वास छातीत भरून रोखत नाही. अर्धवट सोडून, नैसर्गिक विराम येतो तिथे तो थांबतो आणि साधारण आठ-दहा सेकंदांच्या आत नेम साधतो. त्याहून जास्त थांबले तर स्नायूंचा कंप वाढतो आणि नजर अंधुक होऊ लागते. वेळ निघून गेली की बंदूक खाली घ्यायची, पुन्हा श्वास घ्यायचा आणि पहिल्यापासून सुरुवात करायची. घाईने चाप न ओढण्याचा हा निर्णय शिकायलाच अनेक वर्षे जातात.

रिकामे पोट आणि काळा चहा

सामन्यानंतर स्वप्नीलने पत्रकारांना सांगितले, की अंतिम फेरीआधी त्याने काही खाल्ले नव्हते, फक्त काळा चहा घेतला होता. छाती जोरात धडधडत होती. त्याने श्वासावर लक्ष ठेवले आणि वेगळे काही करायचा प्रयत्न केला नाही.

यातला शेवटचा भाग शिकण्यासारखा आहे. ताण आला की अ‍ॅड्रेनलिन वाढते, ठोके वाढतात, हात थरथरतो, पोटात गोळा येतो. हे जगज्जेत्यालाही होते, दहावीच्या मुलालाही होते. फरक असतो तो त्याला उत्तर देण्यात. सावकाश, लांब श्वास सोडला की हृदयाला लगाम घालणारी व्हेगस नस जास्त काम करते आणि नाडी उतरते. सवयीची कृती सवयीच्या क्रमाने केली की मेंदूला नवे निर्णय घ्यावे लागत नाहीत.

काळ्या चहाचा भाग मात्र कोणी गिरवू नये. उपाशी पोटी साखर उतरली की हात कापतो. कॅफिन जास्त झाले तर तोही कंप वाढवते. उलट रोज चहा घेणाऱ्याने तो एकाएकी सोडला तर डोके दुखते. स्वप्नीलला तो चहा चालला, कारण त्या शरीराला ती सवय होती. कुठल्याही मुलाने सामन्याच्या दोन-तीन तास आधी घरच्या सवयीचे साधे, पचेल असे अन्न खावे. भात, पेज, चपाती-भाजी, केळे यांत काही कमी नाही. स्पर्धेच्या दिवशी नवे पेय, नवी पावडर नको.

एक गोळी जी चालत नाही

धडधड आणि थरथर थांबवणारे एक औषध बाजारात सहज ओळखीचे आहे : प्रोप्रॅनोलॉल आणि त्याच जातीची बीटा ब्लॉकर औषधे. रक्तदाब, हृदयविकार, अर्धशिशी, थायरॉईडचा अतिरेक, हाताचा कंप अशा कारणांसाठी ती हजारो रुग्ण घेतात आणि त्यांना त्यांचा उपयोग होतो. पण नेमबाजीत या औषधांवर बंदी आहे, आणि ती फक्त स्पर्धेच्या दिवशी नाही, वर्षभर आहे. २००८च्या बीजिंग ऑलिम्पिकमध्ये उत्तर कोरियाच्या किम जोंग-सू याच्या नमुन्यात प्रोप्रॅनोलॉल सापडले आणि त्याचे पिस्तूल प्रकारातले रौप्य आणि कांस्य अशी दोन्ही पदके काढून घेण्यात आली.

इथे तीन गोष्टी सांगायला हव्यात. पहिली, मुलगा किंवा मुलगी स्पर्धात्मक नेमबाजी करत असेल, तर कोणत्याही आजारासाठी डॉक्टरकडे गेल्यावर ते आधी सांगावे. डोकेदुखीची, सर्दी-खोकल्याची काही औषधेही बंदीच्या यादीत अडकतात. दुसरी, ज्यांना बीटा ब्लॉकर आजारासाठी दिले आहे, त्यांनी ही माहिती वाचून ते परस्पर बंद करू नये. एकाएकी बंद केल्यास रक्तदाब आणि छातीतले दुखणे उसळू शकते. तिसरी, तोंडी परीक्षा, मुलाखत किंवा रंगमंचाच्या भीतीपोटी ही गोळी कोणाच्या तरी सांगण्यावरून घेणारे तरुण दिसतात. दमा असलेल्याला त्यातून श्वासनलिका आवळण्याचा धोका असतो. तपासणीशिवाय ती घ्यायची नाही.

पाठ, गुडघा आणि घामाचे जाकीट

उजव्या हाताचा नेमबाज उभा राहतो तेव्हा डावे कोपर कमरेच्या हाडावर टेकवतो. समोर आठ किलोचे वजन असल्याने तोल राखायला धड मागे झुकवतो आणि थोडे पिळतो. ताकद लावून बंदूक उचलायची नसते, हाडांवर हाडे रचून ती पेलायची असते. पण त्यामुळे कमरेच्या मणक्यांवर एकाच बाजूने, एकाच कोनात, रोज काही तास भार येतो. वाढत्या वयाच्या मुलांत पाठीचा कणा अजून घडत असतो. म्हणून पोट, पाठ आणि कुल्ल्याच्या स्नायूंचे व्यायाम, दुसऱ्या बाजूचे ताण आणि मधूनमधून विश्रांती हा सरावाचाच भाग हवा. दोन-तीन आठवडे टिकणारी कंबरदुखी, रात्री जागे करणारी पाठदुखी किंवा पायात मुंग्या आल्या, तर 'सरावाने होते' म्हणून सोडून देऊ नये.

गुडघ्यावरच्या स्थितीत नेमबाज एका टाचेवर बसतो. पायाच्या घोट्याखाली गोल उशी असते, तरी पाय बधिर होतो. पोटावरच्या स्थितीत पट्ट्यामुळे आणि कोपरावर भार आल्यामुळे करंगळीकडची बोटे बधिर होऊ शकतात. उठल्यावर काही मिनिटांत जाणारी बधिरता चिंतेची नाही. तासन्‌तास राहणारी किंवा पकड कमकुवत करणारी बधिरता मात्र दाखवायला हवी.

नेमबाजीचे जाकीट आणि विजार जाड, कडक कापड-चामड्याचे असतात. ते शरीराला आधार देतात, पण हवा आत जाऊ देत नाहीत. मालवण-वेंगुर्ल्याच्या दमट हवेत घाम सुकत नाही, त्यामुळे शरीर थंड होण्याचा मुख्य मार्गच बंद होतो. त्यात मुलाने पाणी कमी प्यायले तर नाडी वाढते आणि नेम बिघडतोच, शिवाय उष्णतेचा त्रास होतो. किनारपट्टीवर सराव सकाळी लवकर, पंखा किंवा खेळती हवा असलेल्या जागी आणि दर अर्ध्या-पाऊण तासाने जाकीट उघडून, पाणी पिऊन करावा. जास्त घाम आल्यास मीठ-साखरेचे सरबत किंवा कोकम सरबत चालेल.

डोळा मिटू नका

नेमबाज बारीक छिद्रातून पाहतो. लहान छिद्रातून पाहिले की जवळचे आणि दूरचे दोन्ही बऱ्यापैकी स्पष्ट दिसतात. चष्मा विसरलेला माणूस डोळे किलकिले करतो, त्यामागेही तेच तत्त्व आहे. तरी चाळिशीनंतर डोळ्यातल्या भिंगाची लवचीकता कमी होते आणि नळीच्या टोकावरचा समोरचा दर्शक अंधुक दिसू लागतो. मोठ्या वयाच्या नेमबाजांना त्यासाठी योग्य क्रमांकाचे भिंग लावावे लागते. नव्या मुलांची चूक वेगळी असते. ती दुसरा डोळा घट्ट मिटतात. त्याने चेहऱ्याचे स्नायू थकतात आणि नेमाच्या डोळ्यावरही ताण येतो. दुसऱ्या डोळ्यासमोर छोटी पट्टी लावून तो उघडा ठेवणे बरे. सराव सुरू करण्यापूर्वी नजर तपासून घ्यावी. अनेक मुलांना चष्म्याची गरज आहे हे अशाच वेळी कळते.

कान : गेलेले परत येत नाही

पॉइंट टू-टू रायफलच्या एका बाराचा आवाज १४० डेसिबलच्या आसपास असतो. मोठ्यांसाठी क्षणिक आवाजाची मर्यादा तीच धरली जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते लहान मुलांसाठी ती १२० डेसिबल आहे. बंद जागेत भिंतींवरून परतणारा आवाज आणखी त्रासदायक ठरतो. आतल्या कानातल्या केसपेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. सुरुवात उंच सुरांपासून होते, त्यामुळे बोलणे ऐकू येत राहते आणि नुकसान वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. चिरेखाणीवर यंत्राजवळ काम करणाऱ्यांचे आणि होडीच्या डिझेल इंजिनाशेजारी आयुष्य काढलेल्या मच्छीमारांचे कान असेच हळूहळू जातात.

उपाय स्वस्त आहे. कानात बोळे आणि वर मफ, दोन्ही. पॅरिसमध्ये साध्या चष्म्यावर, एक हात खिशात घालून नेम धरणाऱ्या दिकेचची छायाचित्रे जगभर गाजली. त्याच्याकडे काहीच साधने नव्हती असे लोक म्हणाले. नीट पाहिले तर त्याच्या कानात पिवळे बोळे दिसतात. सरावानंतर कानात शिट्टी वाजल्यासारखे वाटले तर संरक्षण पुरेसे नव्हते असे समजावे. वर्षातून एकदा ऐकण्याची तपासणी करून घ्यावी.

शिसे : ज्याचा वास येत नाही

सगळ्यात दुर्लक्षित धोका शिशाचा. रायफलची गोळी शिशाची आणि तिच्या बुडाशी ठिणगी देणाऱ्या मिश्रणातही बहुधा शिशाचे संयुग. प्रत्येक बाराबरोबर त्याची बारीक धूळ आणि वाफ हवेत जाते. मुले शिकायला सुरुवात करतात ती दहा मीटरच्या एअर रायफलवर. तिथे दारू नसते, पण छर्रे बहुधा शिशाचेच असतात. ते बोटांनी हाताळले जातात आणि लक्ष्यामागे आदळून त्यांची पूड होते. काही मुले छर्रे तोंडात धरतात.

शिशाची कोणतीही मात्रा मुलांसाठी निर्धोक मानली जात नाही. मुलांचे आतडे मोठ्यांच्या चार-पाच पट शिसे शोषते. रक्तातले शिसे महिन्या-दोन महिन्यांत कमी होते, पण हाडांत गेलेले दशकानुदशके राहते. एकाग्रता, स्मरणशक्ती आणि वागणूक यांवर परिणाम होतो. म्हणजे ज्या गुणांसाठी मुलाला या खेळात घातले, त्यांवरच घाला. लोह कमी असले की शोषण वाढते, आणि आपल्याकडे वयात येणाऱ्या अनेक मुलींत हिमोग्लोबिन कमी असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये सांगितले, की रक्तात प्रति डेसिलिटर ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळल्यास त्याचा स्रोत शोधून थांबवावा.

किनाऱ्यावरच्या घरांना शिसे अनोळखी नाही. जाळ्याच्या खालच्या दोराला लावायची वजने शिशाची असतात आणि ती वितळवून ओतण्याचे काम काही वेळा घराच्या अंगणात, मुलांसमोर होते. त्या घरातले मूल नेमबाजीलाही जात असेल तर दोन्हीकडून शिसे मिळते.

टाळण्याचे नियम साधे आहेत. सरावाच्या जागी खाऊ-पिऊ नये. सरावानंतर साबणाने हात आणि तोंड धुवावे. सरावाचे कपडे-बूट वेगळे ठेवावेत. जमीन कोरड्या झाडूने झाडू नये, ओल्या फडक्याने पुसावी. हवा नेमबाजाच्या मागून येऊन लक्ष्याच्या दिशेने बाहेर जावी अशी सोय हवी. नियमित सराव करणाऱ्या मुलांची रक्तातील शिशाची तपासणी वर्षातून एकदा व्हावी.

जिल्ह्याने काय करावे

स्वप्नीलचे यश ज्या वाटेने आले तिच्याकडे पाहिले, तर चौदाव्या वर्षी मिळालेली शासनाची निवासी व्यवस्था, नंतर नोकरी, चांगला प्रशिक्षक आणि मिळालेला वेळ हे टप्पे दिसतात. मुंबईच्या अंजली भागवत एनसीसीतून या खेळात आल्या आणि २०००च्या सिडनी ऑलिम्पिकच्या अंतिम फेरीत पोहोचल्या. त्यांच्या मागोमाग राज्यात मुलींची रांग लागली. वाट दिसली की मुले येतात. सिंधुदुर्गातल्या मुलांसाठी ती वाट आज घाटावरून किंवा मुंबईतून जाते. घर सोडायची तयारी आणि ऐपत असलेल्यालाच ती परवडते.

दहा मीटरची एअर रायफल रेंज बांधायला मोठे मैदान लागत नाही. एखादे सभागृह पुरते. पण ती उघडताना हवा बाहेर टाकणारे पंखे, हात धुण्याचे नळ, स्वच्छतेचा नियम आणि मुलांची वार्षिक तपासणी यांची तरतूद पहिल्या अंदाजपत्रकातच हवी. नंतर ती होत नाही. तपासणीत काही अवघड नाही : उंची-वजन, नजर, ऐकणे, पाठीचा कणा, हिमोग्लोबिन, रक्तातील शिसे. त्यातले बहुतेक शालेय आरोग्य तपासणीच्या चौकटीत बसते. बंदी असलेल्या औषधांची माहिती तालुक्याच्या डॉक्टरांपर्यंत पोहोचवायला फारसा खर्च येत नाही.

बक्षिसे पदकानंतर मिळतात. शरीराची जपणूक चौदा ते वीस या वयात लागते, जेव्हा त्या मुलाचे नाव कोणाला माहीत नसते. आज तेरा वर्षांची असलेली मालवणची एखादी मुलगी पंधरा वर्षांनी अठ्ठावीस वर्षांची होईल, स्वप्नील पॅरिसला होता तेवढी. ती पदकापर्यंत पोहोचेल की नाही, हे कोणी सांगू शकत नाही. त्या पंधरा वर्षांत तिचे कान शाबूत राहावेत, पाठ दुखू नये आणि रक्तात शिसे साठू नये, एवढे मात्र आजपासून आपल्या हातात आहे.